लघुग्रह आले कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२२ मे २०१२. नागपूर जिल्ह्यातलं काटोल, संत्र्यांचा मुलूख, मे महिन्यातली टळटळीत दुपार. आकाशात गडगडाट झाला आणि आसपासच्या परिसरात दगड पडले. वरून काळे, फोडले की आतून करडे. शास्त्रज्ञांनी तपासून त्यांना नाव दिलं 'काटोल अशनी' आणि गट ठरवला 'एल-६'. हे दगड त्या दुपारपर्यंत अवकाशात कुठल्या तरी लघुग्रहाचे तुकडे म्हणून फिरत होते. आकाशदर्शनाच्या रात्री ही गोष्ट सांगितली की लोकांचे प्रश्न सुरू होतात, आणि गंमत म्हणजे दरवेळी तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हा खटाटोप.

लघुग्रह, उल्का, अशनी, धूमकेतू: यांत फरक काय?

सूर्याभोवती स्वतंत्र फिरणारा, ग्रहाहून लहान, दगडाचा किंवा धातूचा गोळा म्हणजे लघुग्रह. त्याचा एखादा तुकडा आपल्या वातावरणात शिरून उजळतो तेव्हा दिसते ती उल्का. त्यातून वाचून जो जमिनीवर पोचतो तो अशनी. धूमकेतूत बर्फाचं प्रमाण जास्त, म्हणून सूर्याजवळ आला की त्याला शेपूट फुटतं. या व्याख्या शाळेच्या परीक्षेपुरत्या ठीक आहेत. प्रत्यक्षात एल्स्ट-पिझारो नावाचा एक गोळा लघुग्रहांच्या पट्ट्यातच फिरतो आणि १९९६ साली त्याला चक्क शेपूट दिसलं. उलट, डिसेंबरातला मिथुन राशीतला उल्कावर्षाव ज्या फेथॉनच्या धुळीमुळे होतो, तो लघुग्रह म्हणून नोंदलेला आहे.

बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात, सूर्यापासून साधारण ३१ ते ४९ कोटी किलोमीटरवर आहेत. आजवर १३ लाखांहून जास्त सापडले आहेत. संख्या ऐकून छाती दडपते, पण पट्ट्यातला सगळा ऐवज एकत्र केला तरी तो आपल्या चंद्राच्या जेमतेम तीन टक्के भरतो. त्यातलाही तिसरा हिस्सा एकट्या सेरेसचा, म्हणजे पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या गोळ्याचा.

मंगळ आणि गुरूच्या मध्ये एक ग्रह होता आणि तो फुटला, हे खरं ना?

नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये, कारण ही कल्पना एका मोठ्या खगोलशास्त्रज्ञाची आहे आणि तेव्हा ती अगदी रास्त वाटावी अशी परिस्थिती होती.

अठराव्या शतकात टिटियस आणि बोडे या दोन जर्मन अभ्यासकांनी ग्रहांच्या अंतरांमध्ये एक चढती श्रेणी दाखवली. पृथ्वीचं अंतर १ धरलं तर बुध ०.४, शुक्र ०.७, मंगळ १.६, गुरू ५.२. मंगळ आणि गुरूच्या मध्ये २.८ वर कुणीतरी हवं होतं आणि ती जागा रिकामी होती. १७८१ मध्ये विल्यम हर्शेलला युरेनस सापडला, तोही या श्रेणीत बरोबर बसला. मग काय, सगळ्यांची खात्रीच पटली. १८०० साली जर्मनीत काही खगोलशास्त्रज्ञांनी राशिचक्राचे २४ भाग पाडून हरवलेला ग्रह शोधायची वाटणी केली. ती पूर्ण होण्याआधीच, १ जानेवारी १८०१ च्या रात्री, सिसिलीतल्या पालेर्मो वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझी या धर्मगुरूला एक सरकणारा ठिपका दिसला. या वाटणीचा त्याला पत्ताही नव्हता. तो ठिपका म्हणजे सेरेस. फेब्रुवारीनंतर तो सूर्याच्या झळाळीत गेला आणि हरवला. चोवीस वर्षांच्या गाऊस या जर्मन गणितज्ञाने मोजक्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा मांडली आणि वर्ष सरता सरता तो सांगितल्या जागेजवळ पुन्हा सापडला. आकडेमोडीने मिळवलेले इतके देखणे विजय विज्ञानात फार नाहीत.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मार्च १८०२ मध्ये हाइनरिश ऑल्बर्सला जवळजवळ त्याच अंतरावर दुसरा गोळा सापडला, पॅलास. एका आसनावर दोघे? ऑल्बर्सने तोडगा सुचवला: इथे एक मोठा ग्रह असणार, तो फुटला, आणि हे त्याचे तुकडे. तसं असेल तर सगळ्या तुकड्यांच्या कक्षा फुटण्याच्या जागी एकमेकींना छेदायला हव्यात, म्हणून त्याच भागांवर लक्ष ठेवा. १८०४ मध्ये हार्डिंगला जुनो सापडला आणि १८०७ मध्ये खुद्द ऑल्बर्सला व्हेस्टा. तर्क चुकीचा आणि हाती लागलेलं घबाड खरं.

आज आपण ग्रह फुटल्याचं का मानत नाही? एक कारण वर आलंच: चंद्राच्या तीन टक्के ऐवजातून ग्रह उभा राहत नाही. दुसरं, कक्षा मागे मागे मोजत गेलं तर त्या एका बिंदूत मिळत नाहीत. तिसरं, ग्रह फोडायचा म्हणजे त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणावर मात करायची. तेवढी ताकद आणणार कुठून, हे आजवर कुणालाही पटेल असं सांगता आलेलं नाही. सगळ्यात पक्का पुरावा मात्र आपल्या हातातल्या अशनींचा आहे. त्यांच्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची) प्रमाणं आणि खनिजं पाहिली तर ते एका आईची लेकरं नाहीत. शंभरहून जास्त वेगवेगळ्या मूळ गोळ्यांचे तुकडे आपल्या संग्रहालयांत आहेत.

टिटियस-बोडेच्या श्रेणीचं पुढे काय झालं, असंही कुणीतरी विचारतंच. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला, तो भलत्याच अंतरावर. श्रेणी तिथे मोडली.

मग तिथे ग्रह का झाला नाही?

शेजार नडला. गुरू खूप लवकर आणि खूप मोठा झाला. दगड एकमेकांवर हळू आदळले तर चिकटतात, त्यांची भर पडत जाते. गुरूच्या ओढीने या भागातल्या कक्षा वेड्यावाकड्या झाल्या, कुणी लांबट तर कुणी तिरपी. परिणामी टकरींचा वेग वाढला. आज पट्ट्यात दोन लघुग्रह आदळतात ते सरासरी सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने. या वेगाला काहीही चिकटत नाही, चुरा होतो. शिवाय तिथला बराच माल गुरूने बाहेर भिरकावला, काही सूर्यात गेला, काही आतल्या ग्रहांवर पडला.

मुळात तिथे किती माल होता, यावर मात्र आज एकमत नाही. पूर्वी सर्रास मानलं जायचं की एका पृथ्वीएवढा होता आणि त्यातला हजारातला एक भागही उरला नाही. अलीकडे काही संशोधक म्हणतात की पट्टा जन्मापासूनच जवळजवळ रिकामा होता, आणि आज दिसतंय ते नंतर बाहेरून येऊन अडकलेलं आहे. मला ही दुसरी कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा आचरट वाटली होती. आता तेवढी वाटत नाही. का, ते पुढे येईल.

पण हे दगड मुळात बनले कसे?

धुळीपासून. सूर्य जन्मला तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत होती. धुळीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे खडे झाले. इथवर सोपं आहे. पलंगाखालच्या धुळीचेही गोळे होतात.

पुढचा टप्पा अवघड. खडा वाढत वाढत मीटरभर झाला की दोन संकटं येतात. भोवतालचा वायू दगडापेक्षा किंचित हळू फिरत असतो, त्यामुळे दगडाला कायम समोरचा वारा लागतो, त्याची गती कमी होते आणि तो घरंगळत सूर्याकडे जातो. दुसरं, एवढे दगड एकमेकांवर आदळले की चिकटण्याऐवजी फुटतात. म्हणजे हळूहळू, पायरी पायरीने मोठं व्हायचा रस्ताच बंद. शास्त्रज्ञ अनेक दशकं या पायरीवर अडलेले होते.

२००५ नंतर एक वेगळा मार्ग पुढे आला. खडे एकेकटे असले तर वाऱ्याचा मार खातात. पण एका ठिकाणी जरा दाटी झाली की मागून येणारे खडे त्या दाटीच्या आडोशाला येऊन अडकतात, आणि दाटी वाढत जाते. पंढरपूरच्या वाटेवर दिंडीतले वारकरी वाऱ्यापावसात एकमेकांच्या आडोशाने चालतात तसं काहीसं. दाटी पुरेशी झाली की तिच्या स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने ती कोसळते आणि मधल्या पायऱ्या गाळून एकदम दहा, पन्नास, शंभर किलोमीटरचा गोळा तयार होतो. हे खरं असेल तर लघुग्रह लहानाचे मोठे झाले नाहीत, ते मोठेच जन्मले. आज पट्ट्यात कुठल्या आकाराचे किती आहेत ही मोजदाद या चित्राशी बऱ्यापैकी जुळते.

त्यांचं वय कसं कळतं?

अशनींतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून. १९६९ मध्ये मेक्सिकोत आयेंदे इथे दोनेक टन अशनी पडले. त्यांच्यासारख्या अशनींत पांढुरके ठिपके असतात, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने भरलेले. शिसं आणि युरेनियमच्या हिशेबाने त्या ठिपक्यांचं वय येतं ४५६.७ कोटी वर्षं. सूर्यमालेत बनलेली याहून जुनी घन वस्तू आपल्याला सापडलेली नाही, म्हणून सूर्यमालेचा शून्य तास तिथे धरतात.

पृथ्वीवर एवढा जुना दगड का नाही? पृथ्वीने आपला जुना खडक पुन्हा पुन्हा वितळवून, दाबून, गाडून टाकला. लघुग्रहांना ते जमलं नाही, आणि त्यांच्या त्या असमर्थतेवरच आपलं सगळं ज्ञान उभं आहे.

काही अशनी लोखंडाचे, काही दगडाचे, काही कोळशासारखे. इतका फरक कशाने?

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा. उत्तराचं नाव ॲल्युमिनियम-२६. सूर्यमालेच्या जन्मावेळी हे किरणोत्सारी ॲल्युमिनियम धुळीत मिसळलेलं होतं. त्याचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, सुमारे ७ लाख वर्षं, आणि विघटन होताना ते उष्णता सोडतं. म्हणजे प्रत्येक गोळ्याच्या पोटात एक निखारा होता, आणि तो पहिल्या काही दशलक्ष वर्षांत विझणार होता.

आता विचार करा. जो गोळा लवकर, पहिल्या दहाएक लाख वर्षांत बनला, त्याच्या पोटात निखारा भरपूर. तो आतून वितळला. लोखंड आणि निकेल जड म्हणून तळाशी, म्हणजे केंद्राशी गेलं. दगड हलका म्हणून वर राहिला. पुढे टकरींत असे गोळे फुटले, त्यांच्या गाभ्याचे तुकडे म्हणजे लोखंडी अशनी. जो गोळा वीस-तीस लाख वर्षं उशिरा बनला त्याच्या वाट्याला विझत आलेला निखारा आला. तो भाजला, पण वितळला नाही. त्याच्यात मूळचे मोहरीएवढे गोल दाणे, कॉन्ड्रूल, तसेच राहिले. काटोलचा दगड याच जातीचा. त्याच्या नावातला '६' हा आकडा सांगतो की तो चांगलाच भाजून निघाला आहे, इतका की दाण्यांच्या कडा पुसट झाल्या आहेत. सूर्यापासून आणखी दूर बनलेल्यांत बर्फही होता. निखाऱ्याने तो वितळला आणि त्या पाण्याने दगडाची माती केली. तेच ते काळे, कार्बनयुक्त अशनी.

यातली गंमत लक्षात घ्या. वितळून बदललेले लोखंडी अशनी पाहिले की ते 'नंतरचे' वाटतात आणि कच्चे, दाणेदार दगड 'आधीचे'. बरीच वर्षं तज्ज्ञांनाही तसंच वाटत होतं. गोळ्यांच्या जन्माचा क्रम प्रत्यक्षात उलटा निघाला.

व्हेस्टा हा वितळलेल्यांचा अजून शाबूत असलेला नमुना, सव्वापाचशे किलोमीटर व्यासाचा. नासाचं डॉन यान जुलै २०११ पासून वर्षभराहून जास्त त्याच्याभोवती फिरलं. त्याला लोखंडी गाभा आहे आणि वरचं कवच बेसाल्टचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या जातीचं. अजिंठ्याची लेणी ज्या प्रकारच्या खडकात कोरली, तसा लाव्हा व्हेस्टावर ४५० कोटी वर्षांपूर्वी वाहून थंडही झाला होता. त्याच्या दक्षिण ध्रुवावर जवळजवळ त्याच्याच व्यासाएवढं एक विवर आहे. त्या धडकेत उडालेले तुकडे आजही अशनी म्हणून पृथ्वीवर पडतात.

सगळे लघुग्रह आहेत तिथेच जन्मले का?

नाही, आणि गेल्या पंधरा वर्षांत चित्र सगळ्यात जास्त इथेच बदललं.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला कोरडे, दगडी लघुग्रह जास्त आणि बाहेरच्या बाजूला काळे, पाणीदार. पूर्वीचं स्पष्टीकरण सरळ होतं: आत ऊन, बाहेर गारवा, मधोमध हिमरेषा, म्हणजे जिच्या पलीकडे पाण्याचा बर्फ टिकतो ती सीमा, जो तो आपापल्या जागी. मग प्रयोगशाळांमध्ये अशनींतल्या क्रोमियम, टायटॅनियम, मॉलिब्डेनमसारख्या धातूंची समस्थानिकं काटेकोर मोजली गेली. २०११ च्या सुमारास स्पष्ट झालं की अशनींचे दोन कुळांत चक्क दोन तट पडतात आणि मधलं कुणी नाही. हळूहळू बदलत जाणारं ऊन असं दोन तट पाडत नाही. मधे कुंपण लागतं. दोन्ही कुळं एकाच काळात जन्मत होती, पण त्यांची धूळ दहा-वीस लाख वर्षं एकमेकांत मिसळली नाही. कुंपण घालणारा म्हणून पहिला संशय पुन्हा गुरूवरच जातो: त्याचा वाढता गाभा बाहेरची धूळ आत येऊ देत नव्हता.

म्हणजे काळे लघुग्रह गुरूच्या पलीकडचे. मग ते अलीकडे आले कसे? २०११ मध्ये मांडलेल्या एका प्रतिमानानुसार गुरू वायूच्या तबकडीत वाहत मंगळाच्या आजच्या कक्षेपर्यंत आत आला, मग शनीने त्याला गाठलं आणि दोघे मिळून परत बाहेर गेले. या येरझाऱ्यांत आतला माल विखुरला आणि बाहेरचा आत आला. दुसऱ्या मतानुसार एवढा प्रवास लागतच नाही. गुरू आणि शनी जागच्या जागी फुगले तरी आजूबाजूचे गोळे भिरकावले जातात, आणि त्यातले काही या पट्ट्यात स्थिरावतात. नेमकं कुठलं खरं यावर आजही वाद रंगतात. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण तो निव्वळ साधेपणाच्या ओढीने.

पूर ओसरल्यावर नदीच्या वळणावर काय काय अडकलेलं असतं ते पाहिलंय? कुणाच्या घराचं दार, कुणाची कणगी, वरच्या कुठल्या गावातलं बाभळीचं खोड. त्या वळणावर यातलं काहीच बनलेलं नसतं. लघुग्रहांचा पट्टा हे सूर्यमालेतलं तसं वळण आहे. तिथल्या कक्षा स्थिर आहेत म्हणून माल तिथे टिकला, जन्मगाव वेगवेगळं.

म्हणजे आज दिसणारे लघुग्रह मूळचे, अगदी पहिल्या दिवसापासूनचे?

मोठे, साधारण शंभर किलोमीटरच्या वरचे, बहुतेक मूळचे. लहान बहुतेक करून फुटलेल्या मोठ्यांचे तुकडे. तेव्हा ऑल्बर्सच्या डोक्यातलं फुटण्याचं चित्र अगदीच वाया गेलं नाही. फुटला तो ग्रह नव्हता, आणि फूट एकदा नाही तर असंख्य वेळा झाली.

जपानच्या कियोत्सुगु हिरायामाने १९१८ मध्ये दाखवलं की काही लघुग्रहांच्या कक्षा एकमेकींशी संशय यावा इतक्या जुळतात. त्याने त्यांना कुटुंबं म्हटलं. एकेक कुटुंब म्हणजे एकेका अपघाताचा पंचनामा. कक्षा मागे मोजत नेल्या की काहींची तारीखही निघते. कारिन नावाचं कुटुंब फक्त ५८ लाख वर्षांपूर्वीचं आहे. सूर्यमालेच्या हिशेबात कालपरवाचं.

फुटलेले तुकडे पुन्हा जमतात तेव्हा गोटा होत नाही, ढीग होतो. जपानच्या हायाबुसा-२ यानाने र्‍युगूवरून २०२० मध्ये ५.४ ग्रॅम नमुना आणला, नासाच्या ओसायरिस-रेक्सने बेनूवरून २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम. दोन्ही लघुग्रह म्हणजे दगड-खडीचे सैल ढिगारे. बेनूची घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त आहे, कारण आत पोकळ्याच पोकळ्या. नमुना घेताना यानाचा हात त्याच्यात अपेक्षेपेक्षा खोल रुतला. यान वेळेत वर उडालं नसतं तर आणखी आत गेलं असतं.

पट्ट्यात इतके दगड असताना यानं सुखरूप कशी जातात?

सिनेमात दिसतो तसा तो गच्च भरलेला नाही. दोन दखलपात्र लघुग्रहांमध्ये सरासरी लाखो किलोमीटर मोकळं असतं. पायोनियर-१० ने १९७२-७३ मध्ये पट्टा पहिल्यांदा पार केला, तेव्हा काळजी खरंच होती. नंतर कुणी फारशी केली नाही. एखाद्या लघुग्रहाजवळून यान न्यायचं तर उलट मुद्दाम नेम धरावा लागतो.

तिथे मुकाट फिरणारा दगड पृथ्वीवर कसा येतो?

दोन टप्प्यांत, आणि पहिला टप्पा ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही: ऊन त्याला ढकलतं. फिरणाऱ्या दगडाची दुपारची बाजू सर्वांत तापलेली असते आणि ती उष्णता बाहेर टाकताना दगडाला अगदी सूक्ष्म धक्का बसतो. याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात. बेनूची कक्षा यामुळे वर्षाला सुमारे २८४ मीटरने आत सरकते. वर्षाला काहीच नाही. कोटी वर्षांत पुष्कळ.

सरकत सरकत दगड एखाद्या निसरड्या जागी पोचतो. डॅनियल कर्कवुड या अमेरिकन गणितज्ञाने १८६६ मध्ये दाखवलं की पट्ट्यात काही अंतरांवर लघुग्रह जवळजवळ नाहीतच. सर्वांत ठळक फट तिथे आहे जिथे गुरूच्या एका फेरीत लघुग्रहाच्या बरोबर तीन फेऱ्या होतात. झोका ठरावीक लयीत ढकलला की उंच उंच जातो, तसं तिथे गुरूचं होतं. कक्षा लांबट होत जाते आणि एक दिवस पृथ्वीची वाट ओलांडते. पृथ्वीजवळ फिरणारे लघुग्रह असे आलेले पाहुणे आहेत; काही दशलक्ष वर्षांत ते सूर्यात पडतात, कुठे आदळतात किंवा हाकलले जातात, आणि मागून नवे येतात.

बातम्यांत दर आठवड्याला 'पृथ्वीच्या जवळून' एक लघुग्रह जातो, तो यातलाच. 'जवळून'चा अर्थ बहुधा चंद्राच्या कितीतरी पलीकडून असा असतो, तेव्हा व्हॉट्सॲपवर पुढे पाठवण्याआधी अंतराचा आकडा वाचावा.

मग काटोलचा दगड नेमका कुणाचा?

'एल' गट म्हणजे कमी लोखंडवाला दगडी गट. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींत तिसऱ्या हिश्शाहून जास्त याच गटाचे. या गटाच्या मूळ गोळ्यावर सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी प्रचंड धडक झाली. स्वीडनमधल्या चुनखडीच्या एका खाणीत त्या काळच्या समुद्रतळावर पडलेले या गटाचे अशनी जीवाश्मांसारखे जतन झालेले सापडतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या गटाचं माहेर मासालिया नावाच्या कुटुंबात दाखवलं. त्याच अभ्यासमालेनुसार आज पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींपैकी सुमारे ७० टक्के फक्त तीन तरुण कुटुंबांतून येतात: मासालिया, कारिन आणि कोरोनिस.

काटोलच्या दगडातही धडकेची खूण आहे. त्याच्या काळ्या शिरांमध्ये भारतीय संशोधकांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली ते सर्वांत मुबलक आहे, पण तिथवर कुणी पोचू शकत नाही. लघुग्रहावरच्या टकरीत क्षणभर तेवढाच दाब निर्माण झाला आणि ते खनिज विदर्भातल्या शिवारात आयतं येऊन पडलं.

लोणारचं सरोवर लघुग्रहामुळेच झालं ना?

होय. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. ज्वालामुखीचं असावं असा समज फार काळ होता. १९७३ मध्ये तिथल्या खडकात प्रचंड आघातानेच होणाऱ्या काचेच्या खुणा दाखवल्या गेल्या आणि वाद मिटला. वय पूर्वी ५० हजार वर्षं सांगत; आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५.७ लाख वर्षं येतं. मराठीतल्या पुष्कळ लेखांत जुनाच आकडा फिरतो. बेसाल्टमध्ये इतकं शाबूत राहिलेलं आघाती विवर दुर्मीळ, म्हणून चंद्र आणि मंगळाचे अभ्यासकही लोणारला येतात.

पृथ्वीवरचं पाणी लघुग्रहांनी आणलं का?

निदान काही. काळ्या अशनींतल्या पाण्यातलं जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या समुद्राशी बरंच जुळतं. बेनूच्या नमुन्यात खारट पाणी आटून उरलेले क्षार आणि सजीवांच्या प्रथिनांत लागणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्लं सापडली. पण पृथ्वी बनली त्या दगडांतही थोडं पाणी होतंच, त्यामुळे सगळं श्रेय एकालाच देता येत नाही.

सेरेस हा ग्रह की लघुग्रह?

सापडला तेव्हा ग्रह, मग अर्धशतकाने लघुग्रह, २००६ पासून बटुग्रह. तो स्वतः २०० वर्षं तोच आहे.

पत्रिकेत लघुग्रह का मांडत नाहीत?

कारण १८०१ पर्यंत कुणाला माहीतच नव्हते. पुढचा प्रश्न.

भारतातून कुणी लघुग्रह शोधला आहे का?

मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सनने १८६१ मध्ये एक शोधला आणि आशिया खंडातून लागलेला पहिला शोध म्हणून त्याचं नावच 'एशिया' ठेवलं. तमिळनाडूतल्या कावलूरहून १९८८ मध्ये सापडलेल्या एकाला गणिती रामानुजन यांचं नाव आहे.

घरून एखादा बघता येईल का?

व्हेस्टा. पृथ्वीच्या जवळ असताना साध्या दुर्बिणीतून, म्हणजे पक्षी बघायच्या दुर्बिणीतूनही, तो सहज सापडतो. मात्र ताऱ्यासारखाच ठिपका दिसेल. हर्शेलने १८०२ मध्ये या गोळ्यांना 'ताऱ्यासारखे' या अर्थाचं इंग्रजी नाव दिलं ते त्यामुळेच. तीन रात्री लागोपाठ आजूबाजूच्या ताऱ्यांचं रेखाटन करा. जो सरकला तो व्हेस्टा. पियाझीनेही हेच केलं होतं.

शेतात काळा, जड दगड सापडला. अशनी आहे का?

महाराष्ट्रात बहुधा नाही, आणि हे मी हातात आलेले अनेक दगड बघून, लोकांचे पडलेले चेहरे बघून सांगतो. आपली जमीनच काळ्या कातळाची. लोहचुंबक चिकटला म्हणून हुरळू नये, बेसाल्टमध्येही चुंबकीय खनिज असतं. दगडाला बारीक भोकं किंवा आत पांढऱ्या गारगोट्या असतील तर तो इथलाच. वजनदार आणि फेसाळ दिसत असेल तर भट्टीतली मळी. ताज्या अशनीवर मात्र नखाहूनही पातळ, काळपट, वितळलेली साल असते. कोपरा फुटला असेल तर आतला रंग वेगळा, करडा दिसतो आणि त्यात धातूचे कण चमकतात.

अशी साल खरंच दिसली तर दगड धुऊ नका, घासू नका, हळदकुंकू लावू नका. कोरड्या कागदात गुंडाळा, सापडल्याची जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या अशनींचा राष्ट्रीय संग्रह त्यांच्याकडे कोलकात्यात आहे. गडगडाट ऐकून लगेच शोधायला गेला असाल तर पाऊस पडायच्या आत उचला. लोखंडाचे कण आपल्या दमट हवेत काही दिवसांत गंजू लागतात.